दोन्ही बाजूंची प्रार्थना

२० जानेवारी २०२५च्या रात्री अटलांटामध्ये अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचा अंतिम सामना चालू होता. इंडियाना राज्यातलं नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ ओहायो स्टेटविरुद्ध ३१-१५ असं मागे पडलं होतं आणि शेवटच्या सत्रातली साडेनऊ मिनिटं उरली होती. प्रशिक्षक मार्कस फ्रीमनने किकर मिच जेटरला मैदानात पाठवलं. अंतर होतं २७ यार्ड, म्हणजे पंचवीस मीटरही नाही. जेटरने चेंडू लाथाडला, तो डाव्या खांबावर आदळला आणि बाहेर गेला.

अकराच दिवसांपूर्वी, ९ जानेवारीला, फ्लोरिडात ऑरेंज बाउल या उपांत्य सामन्यात पेन स्टेटविरुद्ध २४-२४ अशी बरोबरी असताना याच जेटरने ४१ यार्डांवरून चेंडू खांबांमधून नेमका काढला होता. तेव्हा घड्याळात सात सेकंद उरले होते आणि त्या एका किकने नोटर डेमला अंतिम सामन्यात नेलं होतं. माणूस तोच आणि पायही तोच. उलट त्या दिवशी अंतर जास्त होतं आणि चुकीला वावच नव्हता. दोन्ही दिवशी संघ प्रार्थना करूनच मैदानात उतरला होता.

पहिली किक देवाची कृपा मानली, तर दुसरीला काय म्हणायचं? आणि दुसरी निव्वळ पायाच्या कोनातली चूक असेल, तर पहिलीचं श्रेय वर पाठवायचं कशाच्या आधारावर?

हा प्रश्न नुसता एका संघाचा असता, तर एखाद्या धर्मगुरूने तो दोन वाक्यांत मिटवला असता. पण त्या रात्री समोरचा संघही तितकाच श्रद्धाळू होता. ऑगस्ट २०२४मध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, ट्रेव्हियन हेंडरसन आणि एमेका एगबुका यांच्यासह ओहायो स्टेटच्या काही खेळाडूंनी आपल्या विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर प्रार्थनासभा घेतली होती. शेकडो विद्यार्थी जमले, खेळाडूंनी आपल्या श्रद्धेची साक्ष दिली आणि कित्येकांनी तिथेच बाप्तिस्मा घेतला. हेच खेळाडू पुढे ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० असे हरले. प्रशिक्षक रायन डे याला हाकला, अशी ओरड झाली. त्यानंतर मात्र त्यांनी टेनेसी, ओरेगॉन आणि टेक्सास यांना ओळीने हरवून अंतिम फेरी गाठली. दोन्ही संघांचा ग्रंथ एक, देव एक, आणि मागणंही एकच. गृहयुद्धाच्या शेवटी, मार्च १८६५मध्ये, लिंकनने दुसऱ्यांदा शपथ घेताना हीच अडचण देशापुढे मांडली होती आणि दोघांच्याही प्रार्थना पुऱ्या होणं शक्य नाही, हे स्वच्छ सांगितलं होतं. तिथे लाखो माणसं मेली होती आणि इथे एक चषक होता. तरीही पेच तोच आहे. उलट पणाला लावलेली गोष्ट लहान असल्यामुळे तो अधिक स्पष्ट दिसतो.

नोटर डेममध्ये धर्म आणि फुटबॉल वेगळे काढता येत नाहीत. १८४२मध्ये फ्रान्सहून आलेल्या होली क्रॉस या धर्मसंघाच्या फादर एडवर्ड सोरिन यांनी हे विद्यापीठ स्थापन केलं. मुख्य इमारतीच्या सोनेरी घुमटावर मरियेचा पुतळा आहे आणि खेळाडूंची शिरस्त्राणं त्याच सोन्याच्या रंगाची असतात. ग्रंथालयाच्या भिंतीवर १९६४पासून ख्रिस्ताचं १३४ फूट उंचीचं भव्य चित्र आहे. त्यातले ख्रिस्ताचे उंचावलेले हात पंचाच्या टचडाउनच्या खुणेसारखे दिसतात, म्हणून लोक त्याला प्रेमाने ‘टचडाउन जीझस’ म्हणतात. बाहेरच्याला हे देवाचं बाजारीकरण वाटू शकतं. पण शंभर वर्षं मागे गेलं की चित्र बदलतं.

१९२४ साली इंडियानात कू क्लक्स क्लॅन जोरात होती. काळे, ज्यू आणि कॅथलिक हे तिघेही तिचे शत्रू. त्या मे महिन्यात क्लॅनने विद्यापीठाजवळच्या साउथ बेंड गावात मेळावा ठेवला. नोटर डेमचे विद्यार्थी, म्हणजे आयरिश, पोलिश, इटालियन स्थलांतरितांची पोरं, रेल्वे स्टेशनवर जाऊन थांबली आणि उतरणाऱ्यांचे पांढरे झगे त्यांनी ओढून काढले. क्लॅनच्या कचेरीच्या खिडकीत विजेच्या दिव्यांचा क्रूस लावलेला होता. पोरांनी जवळच्या दुकानातले बटाटे आणले आणि नेम धरून एकेक दिवा फोडला. दोन दिवसांनी पुन्हा चकमक उडाली, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी स्वतः गावात येऊन त्यांना परत नेलं. त्याच वर्षी शरद ऋतूत प्रशिक्षक न्यूट रॉकनीच्या नोटर डेम संघाने एकही सामना न गमावता हंगाम संपवला. १८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये त्याने आर्मीला १३-७ असं हरवलं, तेव्हा पत्रकार ग्रँटलंड राइसने मागच्या फळीतल्या चौघांना बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. ज्यांच्या धर्माला परका आणि देशद्रोही म्हटलं जात होतं, त्यांची पोरं दर शनिवारी देशाच्या डोळ्यांदेखत जिंकत होती. त्या काळी शिकागोतली किंवा न्यूयॉर्कमधली एखादी आयरिश आई नोटर डेमसाठी माळ जपत असेल, तर तिच्या मागण्यात आम्हालाही या देशात माणूस म्हणून मोजा, ही विनवणी होती. फुटबॉल हे तिच्यासाठी केवळ निमित्त होतं. तिला अंधश्रद्ध ठरवणं हा अन्याय होईल.

त्या चौघांपैकी जिम क्राउली पुढे एक गोष्ट सांगत असे. १९२२मध्ये जॉर्जिया टेकविरुद्ध खेळताना संघ अडला, तेव्हा नोबल काइझर नावाच्या खेळाडूने ‘हेल मेरी’ ही मरियेची प्रार्थना म्हणायला सुचवलं. प्रार्थना झाली आणि गुण मिळाले. पुन्हा अडल्यावर पुन्हा प्रार्थना झाली, पुन्हा गुण मिळाले. क्राउली हे रंगवून सांगे, कारण काइझर स्वतः कॅथलिक नव्हता, प्रेस्बिटेरियन होता. देवाने ऐकलं की नाही हे सिद्ध करायला ही गोष्ट निरुपयोगी आहे. जॉर्जिया टेकच्या पोरांनीही काहीतरी म्हटलंच असेल. पण मरियेची प्रार्थना ज्याच्या पंथात म्हटली जात नाही, तो आपल्या दमलेल्या सोबत्यांना तुमची प्रार्थना म्हणा असं सुचवतो, ही या गोष्टीतली खरी घटना आहे.

शंभर वर्षांनी, २०२४च्या हंगामात, तसाच धीर लागेल असा प्रसंग दुसऱ्याच आठवड्यात आला. पहिल्या सामन्यात नोटर डेमने टेक्सासमध्ये जाऊन, लाखभर प्रेक्षकांच्या गदारोळात, टेक्सास ए अँड एमला २३-१३ असं हरवलं होतं आणि संघ देशात पाचव्या क्रमांकावर होता. ७ सप्टेंबरला घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयचा संघ आला. असे लहान संघ मोठ्या संघांकडे ठरलेल्या मानधनावर खेळायला येतात, आणि सहसा मार खाऊन, पैसे घेऊन परततात. या सामन्याचे १४ लाख डॉलर ठरले होते. शेवटची ३१ सेकंदं उरली असताना पाहुण्यांनी ३५ यार्डांवरून किक मारली आणि १६-१४ अशी आघाडी घेतली. नोटर डेमची अखेरची ६२ यार्डांची किक त्यांनी हाताने अडवली. त्यांचा प्रशिक्षक थॉमस हॅमॉक त्याच महाविद्यालयात शिकलेला, तिथेच खेळलेला. व्यावसायिक लीगमधली नोकरी सोडून तो तिथे परतला होता. कॅमेऱ्यासमोर त्याला बोलता येईना. मोठा माणूस ढसाढसा रडत होता आणि अमेरिकेतली निम्मी माणसं त्या संध्याकाळी त्याच्या बाजूची झाली.

मरियेचा घुमट, भिंतीवरचा ख्रिस्त, सामन्याआधीची मिस्सा म्हणजे सामूहिक उपासना, हे सगळं त्या दिवशी नोटर डेमकडे होतं. मैदानावरचा निकाल हा देवाचा कौल मानला, तर त्या दिवशी कौल हॅमॉकच्या बाजूने पडला. तसं कुणी मानलं नाही. हरल्यावर देवाने आपल्याला नाकारलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. मग जिंकल्यावर त्याने आपल्याला निवडलं असं म्हणताना ती इतकी सहज कशी वळते, हे श्रद्धावंतांनी स्वतःला विचारायला हवं.

त्याच सप्टेंबरमध्ये फ्रीमन कॅथलिक झाला. त्याचे वडील हवाई दलात होते आणि आई कोरियन. तो स्वतः ओहायो स्टेटकडून खेळलेला. बायको आणि मुलं आधीपासून कॅथलिक होती. २०२१च्या अखेरीस मुख्य प्रशिक्षक झाल्यावर त्याने एक जुनी प्रथा परत आणली होती. आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात संघाची मिस्सा आदल्या दिवसावर गेली होती, ती त्याने पुन्हा सामन्याच्या दिवशी घेतली. मिस्सेत प्रत्येक खेळाडूला एका संताचं पदक मिळतं. रॉकनीही नोटर डेमचा प्रशिक्षक असतानाच, १९२५मध्ये, ल्युथरन पंथ सोडून कॅथलिक झाला होता. पहाटे उठून ख्रिस्तप्रसादाला जाणाऱ्या आपल्या पोरांकडे पाहून मन वळलं, असं तो सांगत असे. फ्रीमनचा धर्मप्रवेश आणि तो पराभव एकाच महिन्यातले आहेत, एवढीच इथली नोंद. धर्मदीक्षेची तयारी आठवड्याभरात होत नसते, तेव्हा एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायला नको. पण हे पाऊल कुठल्या नवसाची फेड नव्हतं, एवढं त्या तारखांवरून म्हणता येतं. फेडण्यासारखं तेव्हा पदरात काहीच पडलेलं नव्हतं.

पराभवानंतरच्या सामन्यात नोटर डेमने पर्ड्यूला ६६-७ असं लोळवलं आणि तिथून सलग तेरा सामने जिंकले. क्वार्टरबॅक रायली लेनर्ड स्वतः कॅथलिक. त्याच्या मनगटावर मत्तयच्या शुभवर्तमानातल्या तेविसाव्या अध्यायातलं बारावं वचन असे. स्वतःला मोठं करणाऱ्याला खाली आणलं जातं आणि नम्र असणाऱ्याला वर उचललं जातं, अशा आशयाचं ते वचन आहे. सामन्याआधी त्याची आई त्याला ‘तू भिकार खेळतोस’ अशा अर्थाचा संदेश पाठवायची, तीही त्याच्याच विनंतीवरून. डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. लाखो लोक ज्याचं नाव घेऊन ओरडतात त्या बावीस वर्षांच्या मुलाला हे औषध हवंसं वाटतं, यात त्याच्या धर्माची चांगली बाजू दिसते.

मराठी वाचकाला इथे गीतेतलं निष्काम कर्म आठवणार. पण ते इथे सरळ बसत नाही. फ्रीमनला फळ हवंच आहे. त्याला पगारच फळाचा मिळतो, आणि अंतिम फेरीपर्यंतच्या मजलीबद्दल विद्यापीठाला दोन कोटी डॉलर मिळाले. ख्रिस्ती प्रार्थनाही मागणं टाकून द्यायला सांगत नाही. गेथशेमाने बागेत येशूने अटकेच्या आदल्या घटकेला हा प्याला टळू दे असं स्पष्ट मागितलं, आणि मग पित्याची इच्छा होईल तसं होवो, असं म्हणून ते मागणं सोडलं. आधी मागायचं, नंतर सोडायचं, असा तो क्रम आहे. मागायलाच नको म्हणणारा माणूस कधी कधी आपली इच्छा स्वतःपासूनच लपवत असतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तर्काची बाजू मांडली. प्रार्थनेने देवाचं मन बदलत नाही. काही गोष्टी माणसाच्या प्रार्थनेतूनच घडाव्यात असं देवाच्याच योजनेत असतं, म्हणून प्रार्थना करायची. युक्तिवाद भक्कम आहे, पण दोन संघ समोरासमोर आले की तोही थकतो. योजनेत दोघांच्या प्रार्थना असतील, तर त्यातली एक कशासाठी होती? याचं एकच उत्तर पटण्याजोगं वाटतं: जिंकणं हे मागण्याचं निमित्त आहे, आणि मागता मागता जे घडतं ते माणसात घडतं. शंभर मुलं, त्यातली निम्मी एकमेकांच्या जागेसाठी झगडणारी, सामन्याच्या दिवशी एकत्र गुडघे टेकतात. शेजारच्याचं दुखणं, घरचं आजारपण, अपयश हे त्या वेळी कानावर पडतं. एवढं जरी झालं तरी प्रार्थना वाया गेली असं म्हणता येणार नाही.

तरीही २ जानेवारी २०२५चा दिवस या उत्तरालाही जड जातो.

नोटर डेमचा जॉर्जियाविरुद्धचा शुगर बाउल न्यू ऑर्लिन्समध्ये १ जानेवारीला व्हायचा होता. त्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास एका माणसाने बर्बन स्ट्रीटवर नववर्ष साजरं करणाऱ्या गर्दीत ट्रक घातला. चौदा जण मेले. स्टेडियम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सामना एक दिवस पुढे गेला, स्तब्धता पाळली गेली आणि नोटर डेम २३-१० असं जिंकलं. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच नोटर डेमच्या जेडन हॅरिसनने समोरून आलेली किक झेलली आणि ९८ यार्ड धावत जाऊन गुण घेतले. त्याच्या वाटेतला एकेक बचावपटू बाजूला पडत गेला. कुणी म्हणेल की देवाने वाट मोकळी केली. मग दीड दिवसापूर्वी दोन पावलांवरची वाट का अडवली नाही? चेंडूच्या उड्डाणाकडे ज्याचं लक्ष आहे, त्याचं ट्रकच्या चाकाकडे नव्हतं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? मेलेल्यांच्या घरच्यांसमोर हे वाक्य उच्चारून पाहावं. ते उच्चारता येत नसेल, तर मायक्रोफोनसमोरही उच्चारू नये. आभार मानावेत, जरूर मानावेत. श्वास चालतो आहे याचे, पाय धावतात याचे, सोबत्यांचे. पण गुणफलकावर देवाची सही आहे, असा दावा करू नये. मागणं आणि दावा यांतलं हे अंतर श्रद्धेच्या मुळाशी आहे. ते पुसलं गेलं की देव बलवानांचा कैवारी उरतो.

दुसरीही एक काळजी आहे. संघातली सगळी मुलं कॅथलिक नसतात. जून २०२२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रेमर्टन गावच्या सरकारी शाळेतले प्रशिक्षक जोसेफ केनेडी यांना सामन्यानंतर मैदानाच्या मधोमध प्रार्थना करण्याचा हक्क सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. अल्पमतातल्या न्यायाधीशांचं म्हणणं होतं की ज्याच्या हातात तुमची संघातली जागा आहे, तो गुडघे टेकतो तेव्हा मुलांवर न बोलता दडपण येतं. नोटर डेम खासगी आहे, कायद्याची ती मर्यादा त्याला नाही. पण सद्सद्विवेकाची आहे. शिष्यवृत्तीवर आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आज मी मिस्सेला येत नाही, असं निर्धास्तपणे म्हणता यायला हवं. ते म्हणता आलं तरच त्याच्या शेजाऱ्याच्या प्रार्थनेलाही किंमत आहे. काइझरने प्रार्थना सुचवली ती सोबती म्हणून. ती प्रशिक्षकाची आज्ञा असती, तर क्राउलीने ती गोष्ट आयुष्यभर सांगितली नसती.

अटलांटातला तो सामना ओहायो स्टेटने ३४-२३ असा जिंकला. नोटर डेमने पहिला डाव अठरा प्रयत्नांत, जवळपास दहा मिनिटं खपून, लेनर्डच्या खांद्यावर बसून पार केला. मग सलग ३१ गुण खाल्ले. तरी ते उठले आणि ३१-२३पर्यंत आले. शेवटी ओहायो स्टेटच्या विल हॉवर्डच्या एका लांब पासवर जेरेमाया स्मिथ ५६ यार्ड घेऊन गेला आणि विषय संपला.

या श्रद्धेची खरी कसोटी मात्र पुढच्या वर्षी लागली. २०२५चा हंगाम नोटर डेमने दोन पराभवांनी सुरू केला. मायामीकडून तीन गुणांनी, टेक्सास ए अँड एमकडून एका गुणाने. नंतर दहा सामने ओळीने जिंकले. डिसेंबरमध्ये निवड समितीने अजिंक्यपदाच्या स्पर्धेसाठी बारा संघांची यादी जाहीर केली तेव्हा नोटर डेमचं नाव तीत नव्हतं, मायामीचं होतं. त्यावर नोटर डेमने दुसरा कुठलाही बाउल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रितांचा सामना, खेळायला नकार दिला आणि हंगाम तिथेच थांबवला. दुखापती असतात, व्यावसायिक लीगची निवड जवळ आलेली असते, मन उडालेलं असतं, हे सगळं समजण्यासारखं आहे. पण मिस्सा खेळासाठी असेल आणि चषकासाठी नसेल, तर चषकाविना एक सामना खेळणं हीच तिची सर्वात स्वच्छ फलश्रुती ठरली असती. बाउल सामने नाकारणं या विद्यापीठाला नवीन नाही. १ जानेवारी १९२५ला चार घोडेस्वारांनी पॅसाडेनात स्टॅनफर्डला २७-१० असं हरवलं. त्यानंतर १९६९च्या हंगामापर्यंत नोटर डेम एकाही बाउलला गेलं नाही. तेव्हा होली क्रॉसच्या फादरांनी कारण दिलं होतं मुलांच्या अभ्यासाचं. या वेळचं कारण मनाला लागलेला घाव हे होतं, आणि त्यावर प्रार्थनेचा काही उपयोग झालेला दिसला नाही, याचं वाईट वाटतं.